तपकीर गल्लीतल्या त्या दादांचे आभार

गेल्या आठवड्यात लॅपटॉप साफ करायला म्हणून एक प्रोग्राम चालवला आणि विंडोजमधलं ‘फोटोज’ अ‍ॅपच गायब झालं. परत घ्यावं तर ‘स्टोअर’ही नाही! आईचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो त्यातच बघायचे मी. हातपाय गार पडले.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन दुकानांत ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असंच ऐकलं. तिसऱ्या दुकानातल्या दादांनी आधी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. मग दुरुस्तीच्याही आधी ‘पिक्चर्स’ फोल्डर उघडलं. “ताई, अ‍ॅप गेलंय, फोटो जागेवरच आहेत. हे बघा.” समोर मटार सोलत बसलेली आई. मला रडू फुटलं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, तरी ते काही न बोलता थांबले.

नंतर त्यांनी ‘डब्ल्यूएसरीसेट’ आणि पुढे ‘-आय’ अशी कमांड दिली. थोड्या वेळात स्टोअर आलं, त्यातून फोटोज उतरवलं. ती कमांड कोऱ्या बिलामागे ठळक अक्षरांत लिहूनही दिली. पैसे काही केल्या घेईनात.

नाव विचारायचं राहूनच गेलं. दादा, मनापासून आभार. तुम्ही बजावलंत तसे सगळे फोटो पेनड्राइव्हवरही घेतलेत.