आंबा बागायतदारांना जाहिरातीआधी नकाशावरची नोंद शिकवा

महोदय,

कलमांना मोहोर दिसू लागला की हल्ली कोकणात बागायतदाराच्या दारी दोन प्रकारची माणसे येतात. पहिली बाग कराराने मागणारी, आणि दुसरी 'तुमचा आंबा ऑनलाइन खपवून देतो' असे सांगणारी. पहिल्यांशी व्यवहार कसा करायचा हे आम्हांला घरातल्या मोठ्या माणसांकडून कळते. दुसऱ्यांशी काय बोलावे, काय मागावे आणि कशाचे पैसे देऊ नयेत, हे सांगणारे मात्र कोणी नाही. ऑनलाइन विक्रीची जी प्रशिक्षणे भरतात, त्यांतही हा भाग जवळजवळ नसतो, म्हणून हे पत्र.

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि थेट विक्रीतला कायदेशीर अडसर दूर झाला; पण वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवून पट्टीची (दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाची) वाट पाहण्याची सवय त्यामुळे लगेच सुटली नाही. ती हलली 2020 च्या टाळेबंदीत, जेव्हा मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांनी व्हॉट्सॲप गटांवर मागण्या गोळा केल्या आणि बागेतून निघालेले टेम्पो थेट इमारतींच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्या हंगामात जोडलेली गिऱ्हाइके ज्यांनी पुढेही सांभाळली, त्यांना आज जाहिरातीची फारशी गरज पडत नाही. प्रश्न आहे तो आता नव्याने सुरुवात करणाऱ्या लहान बागायतदाराचा आणि आंबापोळी, आमरस, कोकम आगळ करणाऱ्या बचत गटांचा.

मी पाहिलेल्या प्रशिक्षणांत पहिल्याच तासाला रील कसे काढायचे हे सांगितले जाते आणि दुपारनंतर पैसे भरून पोस्ट 'बूस्ट' कशी करायची हे दाखवले जाते. दोन्ही शिकण्यासारखेच आहे, पण क्रम उलटा आहे. आंबा घ्यायचे ज्याने आधीच ठरवले आहे, तो गिऱ्हाईक रील पाहत बसत नाही. तो गुगलवर गावाचे किंवा बागेचे नाव टाकतो, आणि तेही बहुधा रोमन लिपीत. तिथे आपली नोंदच नसेल, किंवा असलेल्या नोंदीवर जुना फोन नंबर असेल, तर जाहिरातीवर केलेला खर्च शेजारच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळवून देतो.

गुगलवर, म्हणजे त्याच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी, व्यवसायाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. लोकांनी घरी यावे अशी सोय नसेल तर पत्ता न दाखवता फक्त कोणत्या भागात माल पोहोचवतो एवढेच दाखवता येते. पडताळणीसाठी आता पुष्कळदा व्हिडिओ मागतात. परिसर, फलक, माल आणि हा व्यवसाय आपणच चालवतो याचा पुरावा, हे सगळे एका सलग चित्रणात यावे लागते. (सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, बागेत मोबाइलला रेंज मिळाली तर ते चढवायचे, हा भाग वेगळा.) नोंदीतले नाव फलकावर असते तेच द्यावे, त्याला 'अस्सल हापूस घरपोच पुणे मुंबई' असे शेपूट जोडले तर नोंद स्थगित होण्याचा धोका असतो. हंगाम संपल्यावर वेळाही बदलून ठेवाव्यात, कारण ऑगस्टमध्ये न उचललेल्या फोनचा राग अभिप्रायात उतरतो.

त्या नोंदीत आणि सोबतच्या माहितीत काय लिहायचे, यावर मात्र एक अख्खा दिवस दिला तरी तो वाया जाणार नाही. 'रसाळ', 'मधुर', 'नैसर्गिक' ही विशेषणे सगळेच लावतात. गिऱ्हाइकाला हवे असते ते वेगळेच. फळ साधारण किती ग्रॅमचे, पेटीत किती डझन, माल कच्चा येणार की अर्धवट पिकलेला, घरी गवतात किंवा कागदात किती दिवस ठेवायचा, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा नाही, आणि फळ कापल्यावर आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला तर काय. साका बाहेरून दिसत नाही हे बागायतदाराला ठाऊक असते, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला नसते. त्याला ती सरळ फसवणूक वाटते. खराब फळाचा फोटो किती दिवसांत पाठवायचा आणि त्याबदली फळ मिळणार की पैसे, हे विक्रीपूर्वीच लिहून ठेवणारा विक्रेता माझ्या मते कोणत्याही रीलपेक्षा अधिक विश्वास कमावतो.

दुसरी गोष्ट मालकीची. आमच्या भागातील एका बचत गटाचे फेसबुक पान आणि संकेतस्थळाचे नाव एका जाहिरात संस्थेने स्वतःच्याच खात्यावर घेतले होते. बिलावरून वाद झाला आणि ऐन हंगामात दोन्ही गटाच्या हातातून गेले. हे दुसऱ्याच्या जमिनीत कलमे लावण्यासारखे आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आपल्याच नावावर आणि आपल्याच ई-मेलवर हवे, पानाचे मुख्य प्रशासक आपणच हवे, आणि काम करणाऱ्या संस्थेला फक्त मर्यादित अधिकार द्यावेत, ही अट कामाच्या पहिल्याच कागदावर असली पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या जागेवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथे जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला, आणि गुगलने व्यवसाय नोंदीबरोबर दिलेली फुकट संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद केली. आपल्याकडे उरते ती गिऱ्हाइकांची यादी. कोणी कधी किती घेतले, कच्चा मागितला की पिकलेला, तक्रार काय होती, हे साध्या वहीत असले तरी चालेल.

त्या यादीसाठी व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे वेगळे ॲप पुरेसे आहे. त्यात मालाची यादी दरांसह लावता येते आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे साठवता येतात. मात्र एकाच वेळी अनेकांना संदेश पाठवण्याच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो, ही अडचण प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. मग 'संदेश पाठवले, पण कोणी उत्तरच देत नाही' अशी तक्रार ऐकू येते. पेटीत नंबर जतन करण्याची विनंती करणारी एक चिठ्ठी टाकली की काम भागते.

एवढे झाल्यावर जाहिरात जरूर करावी, पण जिथे आपला माल चोवीस-छत्तीस तासांत पोहोचतो त्या शहरांपुरती आणि लोकांनी थेट संदेश पाठवावा अशा उद्देशाने. 'लाइक' मोजून पेटी विकली जात नाही.

नावाच्या बाबतीत तर आपण स्वतःच आपले नुकसान करून घेतो. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परराज्यातला आंबा 'देवगड' म्हणून विकणाऱ्या जाहिराती दर उन्हाळ्यात दिसतात. त्यांच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपण त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेली असेल आणि राजापूरचा आंबा राजापूरचा म्हणूनच विकत असू. नातेवाइकांकडून गिऱ्हाईक म्हणून अभिप्राय लिहून घेणे हाही त्यातलाच प्रकार आहे. गिऱ्हाईक असल्याचे भासवून विक्रेत्याने अभिप्राय टाकण्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे, आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गुगललाही मान्य नाही.

प्रक्रिया केलेल्या पदार्थांचे नियम आणखी वेगळे आहेत. वेष्टनावर अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन आणि कमाल किंमत लागते, आणि आंब्याच्या डबाबंद रसासारखा करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर वस्तू व सेवा कराची नोंदणीही लागते. याचे उत्तर जिल्हा उद्योग केंद्रात मिळते, रील शिकवणाऱ्याकडे नाही.

कृषी विभाग, पणन मंडळ आणि बचत गटांसाठीचे 'उमेद' अभियान यांना माझी विनंती आहे की, हे प्रशिक्षण मोहोराच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तालुक्याच्या ठिकाणी घ्यावे. भाषणे कमी करून प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खात्यावरून नोंद करून घ्यावी. आणि पडताळणी अडकली तर पुढे महिनाभर फोनवर मदत करणारा एक माणूस नेमावा. नोंद नाकारली जाऊन पुन्हा अर्ज करावा लागला तर त्यात दिवस जातात, आणि मार्चमध्ये पहिली पेटी भरायला घेतल्यावर बागायतदाराकडे तेवढे दिवस नसतात.

आपला विश्वासू,
एक आंबा बागायतदार
राजापूर, जि. रत्नागिरी