रिफॉर्मरच्या आधी सतरंजी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पिलाटीज हा व्यायामप्रकार म्हटला की हल्ली डोळ्यांसमोर येतो तो स्प्रिंगा लावलेला सरकता पाट, म्हणजे रिफॉर्मर. त्याचे शुल्क ऐकून अनेकजण हा नाद सोडून देतात, आणि ज्यांना परवडते ते पहिल्याच दिवशी त्यावर चढतात. दोन्ही चूक. जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटीज (१८८३-१९६७) यांनी १९४५ साली ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा त्यात ३४ व्यायाम दिले होते आणि ते सगळे जमिनीवरचे. पद्धतीला ते स्वतः ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणत. ताबा हा तिचा गाभा आहे. जोर-बैठकांसारखा आकडा वाढवत नेण्यात इथे काही मिळवायचे नसते. बहुतेक व्यायाम पाच ते दहा वेळा करून थांबतात.

पहिला व्यायाम ‘हंड्रेड’. उताणे झोपा, गुडघे काटकोनात वर घ्या. श्वास सोडत डोके आणि खांदे उचला, नजर बेंबीकडे. हात शरीरालगत सरळ, जमिनीपासून वीतभर वर. आता हात खांद्यातून छोटे छोटे वर-खाली करायचे: पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाचांत बाहेर. असे दहा श्वास झाले की शंभर भरतात.

बिघडते ते इथेच. मान दुखते, कारण डोके पोटाने न उचलता हनुवटीने ओढलेले असते. दोन-तीन श्वासांतच दुखू लागली, तर डोक्याखाली टॉवेलची घडी घाला आणि फक्त हात हलवा. पाय लांब करून खाली नेले की कंबर कमानीसारखी उचलली जाते. म्हणजे पोटाची ताकद संपली, पाय पुन्हा वर घ्या किंवा तळवे जमिनीवर टेका. श्वास सोडताना पोट आत जायला हवे. बेंबीच्या रेषेत उंचवटा उभा राहत असेल (बाळंतपणानंतर हे बऱ्याचदा दिसते), तर हा व्यायाम तूर्त बंद. आणि पलंगावर करू नका, गादी दबते आणि कंबर उचलली गेल्याचे कळतच नाही. दहा-बारा मिलिमीटरची मॅट उत्तम, नाहीतर दुपदरी सतरंजी. योगासनांची पातळ मॅट पाठीवर लोळण्याच्या व्यायामांत मणक्यांना टोचते.

रिफॉर्मरवर लोकांना चकवते ती स्प्रिंग. उताणे झोपून पायांनी पाट ढकलताना स्प्रिंगा वाढवल्या की काम जड होते, हे उघड आहे. पण पाटावर पाय आणि समोरच्या दांड्यावर हात ठेवून प्लँक धरला, म्हणजे शरीर फळीसारखे सरळ ताठ ठेवले, की उलटे होते: स्प्रिंगा कमी तितका पाट पळतो आणि तो आवरायला पोटाला जास्त झटावे लागते. ‘नवखी आहे, एकच स्प्रिंग लावा’ म्हणणे अशा वेळी कंबरेला महागात पडते.

ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांनी, हंड्रेड, रोल-अप (उताणे झोपून पाठ गोल करत उठून बसणे), चेंडूसारखे लोळणे हे पाठ पुढे वाकवणारे प्रकार टाळावेत. मणक्यावर चेपणारा दाब येऊन तो खचू शकतो. त्यांच्यासाठी कुशीवर झोपून पाय उचलणे, पालथे झोपून छाती अलगद वर घेणे हे प्रकार आहेत. सरसकट सगळ्यांना हंड्रेडने सुरुवात करून देणाऱ्या वर्गात नाव घालण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: हाडांची, मणक्याची, बाळंतपणाची चौकशी तुम्ही कधी करता?

आपले,
पिलाटीज शिकवणारे दोघे, पुणे