जुन्या सभासदाला वाली कोण?

महोदय,

मुलुंडमधली आमची तीन मजली सोसायटी पुनर्विकासासाठी पाडली, त्याला चार वर्षे होतील. पहिली दोन वर्षे भाड्याचे चेक वटले, नंतर परत येऊ लागले. आता विकासकाच्या ऑफिसातला फोनही कोणी उचलत नाही. चौथ्या स्लॅबवर काम अडकलेय, कॉलमच्या सळ्या गंजून लाल झाल्यात आणि कुंपणाच्या पत्र्यांवर कुणीतरी चढवलेला दुधीचा वेल मात्र जोरात आहे.

२०१७ पासून राज्यात घरखरेदीदारांना संरक्षण देणारा रेरा कायदा लागू आहे. त्याच इमारतीत नवा फ्लॅट घेणारा या कायद्याखालच्या महारेरा प्राधिकरणाकडे दाद मागू शकतो. पण ज्यांच्या जमिनीवर ही इमारत उभी राहतेय, त्या जुन्या सभासदांच्या घरांना ते छत्र नाही. आम्ही म्हणे ग्राहक नव्हे! म्हणजे करारनामा हातात घ्यायचा आणि लवाद किंवा कोर्टाची पायरी चढायची. सत्तरी ओलांडलेल्यांनी ती किती वर्षे चढायची?

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या शासन निर्देशांत विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घ्यायला सांगितले आहे. आमच्या कमिटीने ती अट 'समजुतीने' सोडून दिली. चूक आमचीही आहे, नाकारत नाही. पण सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड होते, तेव्हाच हमीची पावती का तपासली जात नाही? आणि भाडे थकले की विक्रीच्या फ्लॅटची नोंदणी थांबवायला काय हरकत आहे?

– एक ज्येष्ठ सभासद, मुलुंड (पूर्व)