टपालपेटीवरचे नाव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीला निघालेल्या मुलांच्या सत्काराची बातमी आपल्या पानावर वाचली. हार, फेटे, पेढे, सगळे छान. पण तिथे उतरल्यावर पहिल्या दोन महिन्यांत काय वाढून ठेवलेले असते, हे त्या पोरांना कुणी सांगितले का, असे मनात आले म्हणून हे पत्र. मी अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्यात ३३ वर्षे दिवाणजी होतो. मुलगी-जावई स्टुटगार्टला असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता ९० दिवस तिथे राहून आलो.

ती दोघे पहिल्यांदा तिकडे जाण्याआधी जावयाने इथल्याच एका एजंटाला ‘राहण्याची सोय’ म्हणून ४० हजार मोजले होते. नाव घेत नाही. सोय म्हणजे दोन आठवड्यांचे हॉटेल निघाले. पुढे घर मिळाले, तर त्यात स्वयंपाकाचा ओटा नाही आणि छताला दिवे नाहीत, नुसत्या वायरी लोंबताहेत. तिकडे बऱ्याच ठिकाणी भाडेकरूच ओटा-कपाटे आणतो आणि जाताना काढून नेतो. पहिल्या रात्री दोघांनी मोबाइलच्या उजेडात पाव आणि शेंगाचटणी खाल्ली आणि इथून नेलेल्या चादरी जमिनीवर अंथरून झोपले. (हिने बांधून दिलेले पेढे आणि तूप मुलीने निघायच्या आदल्या रात्रीच बॅगेतून काढले होते. दुधाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत.) भाडेही दोन तऱ्हेचे सांगतात, ‘थंड’ आणि ‘गरम’. गरम म्हणजे हीटर, पाणी वगैरे धरून. अनामत मात्र तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घ्यायची नाही, असा कायदाच आहे. हे मला आवडले.

खरा घोळ टपालाचा. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव बघतो, नसेल तर पत्र परत. आता क्रम बघा. नव्या घरात गेल्यापासून १४ दिवसांत सरकारी कचेरीत नोंद करायची, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंद झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो. तो कंपनीला मिळाला नाही तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापतात. जावयाने नोंद वेळेत केली, पण पेटीवर नाव आधीच्या भाडेकरूचेच राहिले. करक्रमांकाचे पत्र परत गेले, बँकेचे कार्डही परत. पहिला पगार इतका कापून आला की मुलगी फोनवर रडली. जास्तीचा कर मागाहून परत मिळतो हो, पण भाडे मागाहून देता येत नाही. शेवटी समोरच्या आजीबाईंनी पेटीकडे बोट दाखवले, तेव्हा उजेड पडला. जावयाने वहीचा कागद फाडला, नाव लिहिले आणि चिकटवला.

हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. विणकामासाठी तेलंगणातून सोलापुरात आले, तेव्हा कारखान्यातच मागाशेजारी झोपायचे. गावाकडून त्यांना येणाऱ्या कार्डावर पत्ता असायचा ‘द्वारा’ आणि पुढे कारखानदाराचे नाव. त्यातले एक कार्ड आमच्या ट्रंकेत अजून आहे. जर्मनीतही ‘द्वारा’ चालते, हे आम्हाला फार उशिरा कळले. सरकारी नोंद राहत्या घराचीच लागते, पण टपाल ओळखीच्या माणसाच्या पेटीवर मागवता येते.

भाषेचेही तसेच. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी बोलायला-लिहायला शिकले, तिथेच संसार मांडला. आपण पाहुण्यांना त्यांचे स्मारक कौतुकाने दाखवतो आणि घरच्या पोराला सांगतो, ‘तिकडं इंग्रजी चालतं की.’ ऑफिसात चालत असेल. कचेरीतून आलेले एकूण एक पत्र जर्मनमध्ये होते.

रविवारी तिथे दुकाने बंद आणि आवाजही बंद. हिने पहिल्याच रविवारी दुपारी भाकरी बडवायला घेतली, तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. भांडले नाहीत, नुसते घड्याळ दाखवून गेले. मग शनिवारीच भाकऱ्या करून कडक करायच्या आणि रविवारी चटणी-दह्याशी मोडून खायच्या, असे ठरले. आवाज चुकवण्यासाठी कडक भाकरी करणारी सोलापुरात हीच पहिली असावी.

ही मुले गड्ड्याच्या यात्रेला, लग्नाकार्याला गावी येतात. एजंटांच्या सेमिनारपेक्षा त्यांनाच एखाद्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसवा आणि निघालेल्यांना वाटेल ते विचारू द्या. आपल्या वृत्तपत्राने मनावर घेतले तर अवघड नाही. तिथे स्थिरावलेल्या सोलापूरकरांकडेही मागणे एवढेच, की नव्याला पैसे नकोत, दोन महिने ‘द्वारा’ द्या.

मुलीच्या पेटीवर सध्या, घरमालकाला विचारून, दुसरे एक आडनाव लावले आहे. पोरगा आपल्याच शहरातल्या जुळे सोलापूर भागातला आहे, अजून खोली शोधतोय.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
अक्कलकोट रोड, सोलापूर