दुसरं इंजिन बसवण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

गाडी ठेवायची आणि इंजिन दुसरं टाकायचं हे ठरलंच आहे, तर बाबा, इंजिन विकत घेताना घाई करू नका. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजू देत नसतील तर विकणारा कितीही गोड बोलो, उठून या. सगळे स्पार्क प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टर मारत एकेक सिलिंडर मोजायचा. पेट्रोल इंजिनात आकडा बहुधा 150 ते 200 पीएसआयच्या दरम्यान येतो. पण चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं. तीन सिलिंडर 170 आणि एक 125 दाखवत असेल, तर त्या एकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही चढला तर दोष वॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग). दोन्हीपैकी काहीही निघालं तरी ते इंजिन नको.

इंजिन बाहेर असताना जिथे सहज हात पोचतो, तिथे नंतर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आत्ताच नवं घाला. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटही. "सील चांगलं दिसतंय" असं मेकॅनिक म्हणेलच. ऐकू नका, बोटभर रबराच्या कडीसाठी पुन्हा सगळं उतरवायचं नाही. एसीचा गॅस मात्र उगाच सोडू देऊ नका. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला बांधून ठेवता येतो.

आई, एक काम तुझं. काही सुटायच्या आधी प्रत्येक कनेक्टरचा आणि पाइपाचा फोटो काढ, आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नावं लिहून ठेवायला लाव. बाबा ते करणार नाहीत, तुला माहीत आहे.

खरी गडबड होते गिअरबॉक्स जोडताना. क्लच प्लेट मधोमध बसलेली नसली की गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही, आणि मग लोक बोल्ट आवळून तो ओढून घेतात. त्यात प्लेटचा मधला भाग वाकतो, कधी हाउसिंगला तडा जातो. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं हाताने चिकटली पाहिजेत, बोल्ट त्यानंतर. जुळवणीच्या दोन डॉवेल पिना जुन्या इंजिनातच राहून जातात, त्या आठवणीने काढून घ्यायला सांगा.

सेन्सर आणि कॉम्प्युटर आपल्या गाडीचेच ठेवा. चावीची ओळख त्या कॉम्प्युटरशी बांधलेली असते. क्रँक सेन्सरच्या चकतीचे दातेही दोन्ही इंजिनांत सारखे आहेत का, ते मोजून घ्या; वेगळे असले तर इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी विसरली, तर स्टार्टर रडत फिरतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन आणि प्लगचा करंट बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं फिरवा. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून कुलंटमधली हवा काढा. हवा अडकली तर तापमानाचा काटा नॉर्मल दाखवत असतानाही हेड तापतं. पहिलं ऑइल आणि फिल्टर 500 किलोमीटरला बदला, आणि गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घ्यायचं त्याच आठवड्यात उरका.

तुमचीच,
धाकटी