नमोजी आणि मोझरी

प्रिय बाळा,

तुझा कोड्याचा फोटो रात्रीच आला होता पण मी सकाळी पाहिला, काल वेचणीच्या बायांचा हिशोब करता करता नऊ वाजले आणि मग डोळाच लागला. तू शब्दकोडं भरून राहिला हे पाहून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. इथं होता तेव्हा रविवारचा पेपर आला की तू क्रिकेटला पळायचा आणि मी एकटी ओट्यावर बसून भरायची. फोनवर उत्तरं सांगितली असती तर दोन मिनिटात काम झालं असतं, पण मला नुसती उत्तरं नाही द्यायची, म्हणून लिहून राहिली, जेवण झाल्यावर सावकाश वाच.

सात आडवा पहिले पाहू. 'ज्ञानेश्वरीत ॐ नंतरचा शब्द', तीन घरं. तू 'नमस्ते' लिहिलं. बसते बरोबर, न, म, स्ते, म्हणून तुला वाटलं झालं. पण मधल्या घरातून जो उभा शब्द खाली उतरतो तो आहे 'राष्ट्रसंतांच्या गुरुकुंज आश्रमाचं गाव', आणि तिथं तू म नं सुरू होणारं गाव शोधत बसला आणि रिकामं सोडून दिलं. अरे मोझरी, तुकडोजी महाराजांचं! अमरावतीहून नागपूरला एसटीनं जाताना कितीदा खिडकीतून दाखवलं तुला. मो म्हणजे म नाही राजा, आपल्या कोड्यात एका घरात अक्षर काना मात्रा वेलांटीसकट बसते, उभ्यात मो असला तर आडव्यातही मो च पाहिजे. मग नमस्ते आपोआप मोडला, आणि राहिलं काय, न, मो, आणि काहीतरी.

इथं मी थांबून मोठ्यानं म्हटलं, ओम नमो... आणि तुझी आजी शेंगा सोलत होती ती तिकडूनच म्हणाली, "नमोजी विश्वचालका, रोजच तं म्हनतो आपन, याच्यात काय इचार करतं?" आजीला सही करता येते, वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. तिनं सांगितलं ते ग्रामगीतेचं, 'ॐ नमोजी विश्वचालका', कारण तिनं ते मंदिरात बसून इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ केलं. ज्ञानेश्वरीत आहे 'ॐ नमोजी आद्या, वेद प्रतिपाद्या'. दोन्हीकडे नमोजीच. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इसवी सन 1290, आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली ती मागच्या शतकात, साडेसहाशे वर्षांनी एका खेड्यापाड्यात फिरणाऱ्या माणसाला गावच्या स्वच्छतेवर, शेतीवर, शाळेवर लिहायचं होतं तर त्यानं सुरुवात त्याच शब्दानं केली. हे मला कोड्यामुळे कळलं बाळा, नाहीतर दोन्ही पोथ्या घरात आहेत आणि मी कधी शेजारी शेजारी उघडून पाहिल्या नव्हत्या. काल पाहिल्या. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खरं सांगते.

म्हणून माझं म्हणणं आहे की असा प्रश्न आला की मोबाईलमध्ये लगेच टाकू नको, आधी तोंडानं म्हणून पहा. सुरुवातीचे शब्द आपल्या कानात लहानपणापासून पडलेले असतात, आपण फक्त त्यांना हाक मारत नाही.

आता अकरा आडवा, 'गीतेचा आरंभ', चार घरं. तू धर्मक्षेत्रे लिहिलं, ध, र्म, क्षे, त्रे, चूक नाही ते. पण पहिल्या घरात वरून येणारा शब्द 'धृव' असा भरला तू, आणि धृ आला म्हणून खोडाखोड केली. ध्रुव असा लिहितात तो, धृ नाही, आणि ध्रु ही इथं बसत नाही, धर्मक्षेत्रेला नुसता ध पाहिजे, म्हणून वरचा शब्द ध नं सुरू होणारा दुसराच शोध. तरी तुझा गोंधळ मला समजला, कारण धृ च असता तर धृतराष्ट्रही चारच घरात बसतो, धृ, त, रा, ष्ट्र, आणि गीतेत पहिला बोलतो तोच, 'धृतराष्ट्र उवाच' असंच छापलेलं असते. पुष्कळांना वाटते कृष्ण नाहीतर अर्जुन बोलत असेल. सातशे श्लोकांत त्या आंधळ्या राजाच्या वाट्याला तो एकच श्लोक आहे, तोही प्रश्न, माझ्या पोरांनी आणि पांडूच्या पोरांनी काय केलं. कोडं करणाऱ्यानं 'पहिल्या श्लोकाचा पहिला शब्द' असं स्वच्छ लिहायला पाहिजे होतं, अर्धवट विचारलं की माणूस विनाकारण फसते. आणि गीतेचा शेवटचा शब्द कधी आला तर 'मम', दोन घरं, लक्षात ठेव.

उपनिषदाचं तू रिकामं सोडलं ते शहाणपणाचं केलं. 'पहिल्या शब्दावरून नाव पडलेलं', दोन घरं, तर ईश पण होते आणि केन पण होते, दोन्ही आपापल्या पहिल्या शब्दावरूनच ओळखले जातात. उभा शब्द येईपर्यंत हात लावायचा नाही. केन म्हणजे कोणामुळे, मन कोणाच्या सांगण्यावरून धावते असं विचारून सुरू होते ते, मला फार आवडते.

आणखी एक, दोन घरांचा नमो. तू म्हणतो तसं ते बुद्धवंदनेचं, 'नमो तस्स भगवतो', आपल्या विहारातून संध्याकाळी ऐकू येते तेच. पण जैनांचा मंत्र विचारला तर णमो, बाणाचा ण, 'णमो अरिहंताणं'. तिथं न लिहिला की खालचा शब्द नासला. कुराणाचंही घरं मोजूनच, 'उघडणारी' म्हणून पहिली सूरा, म्हणजे पहिला अध्याय, विचारली तर फातिहा, तीन, आणि सगळ्यात आधी उतरलेला शब्द विचारला तर इक्रा, दोन, म्हणजे वाच. तो शब्द आज पाहिला तर 96 व्या सूरेत सापडते, पहिल्या पानावर नाही. मराठी बायबलचं सोपं, 'प्रारंभी'.

शेवटचं, वीस उभा 'पहिला धडा', तीन घरं, मधला ना. ओनामा आहे ते. जुन्या काळी पोराच्या हाती पाटी दिली की पहिले 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घ्यायचे, बोलता बोलता त्याचं झालं ओनामासीधं आणि मग नुसतं ओनामा. तुझा ओनामा तुझ्या आजोबांनी केला होता, परातीत तांदूळ पसरून, तू बोटानं रेघ ओढली आणि तांदूळ तोंडात टाकले.

सोमवारच्या गाडीनं तुरीची दाळ आणि शेंगा पाठवते. नमस्ते खोडून पुन्हा फोटो टाक, आजीला मोझरी भरलेलं पाहायचं आहे.

तुझी आई