विडीभर अंतर आणि वंशसंहाराचा खटला

महोदय,

१७ जुलैच्या आंतरराष्ट्रीय न्याय दिनाला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर आणि ते ज्यातून उभे राहिले त्या रोम करारावर दरवर्षी छापून येते. साक्षीदाराच्या बोलण्यावर मात्र कुणी फारसे लिहीत नाही. जत भागातल्या साक्षी मी न्यायालयात वर्षानुवर्षे टिपून घेतल्या. ‘किती लांब होतास?’ तर ‘एक विडी ओढून होईस्तोवर चाललो’. तारखेच्या जागी ‘बेंदराच्या आधल्या बाजाराला’, तेही निम्मे कन्नडमधून. उलटतपासणीत तेवढ्यावरून माणूस खोटा ठरायचा.

रवांडातील वंशसंहाराच्या खटल्यांत हाच पेच पडला. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातील आरुशा येथे बसवलेल्या न्यायाधिकरणाने अकायेसू या रवांडातील माजी नगरप्रमुखावरील खटल्याच्या १९९८च्या निकालात तो मोकळेपणाने नोंदवला. किन्यारवांडा या तिथल्या भाषेतून फ्रेंच-इंग्रजीत जाताना अर्थ हलतात, तारखा, अंतरे, नकाशे यांची लोकांना सवय नसते, पाहिलेले आणि ऐकलेले एकाच दमात सांगितले जाते. आडवळणाच्या उत्तरावरून न्यायाधीशांनी कुणाला खोटे ठरवले नाही. पण ‘स्वतः पाहिलेस की ऐकलेस?’ हा भेद सुटू दिला नाही. मला ही खरी कारागिरी वाटते.

अर्थात गुन्हा झाकायला संस्कृतीची ढाल करता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या यादवीतील गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाच्या अपील पीठाने २००८ मध्ये, सशस्त्र टोळ्यांनी पळवलेल्या मुलींवर लादलेले ‘लग्न’ हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला. घरच्यांनी जुळवलेले लग्न वेगळे, हेही बजावले.

आणि आपण? एकदा दुभाषा मिळेना, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसलेल्या दुसऱ्याच खटल्यातल्या पक्षकाराला ‘कन्नड येतं का?’ म्हणून आत बोलावलेले मी पाहिले आहे.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जत (जि. सांगली)